मंडळीच्या वह्या कुणाच्या?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाच्या, देवळाच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर, प्रभुभोजनाच्या जुन्या पेल्यांशेजारी, कापडी पाठीची एक लांबट वही फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. ही बाप्तिस्म्याची नोंदवही. उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग रकाने दिसतात: क्रमांक, नाव, वय, बापाचं नाव, गाव, पूर्वीची जात, तारीख, पाळकाची म्हणजे धर्मगुरूची सही आणि शेवटी ‘शेरा’. सुरुवातीची काही पानं मोडीत आहेत, ती मला नीट लागत नाहीत. पुढची बाळबोध आहेत. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एखाददुसरा शब्द असतो. ‘मुंबईस.’ ‘मयत.’ ‘परत गेला.’ एका नावापुढे ‘दुष्काळात आली’ एवढंच लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळीत देवळाचं रंगकाम निघालं. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या खाली उतरवल्या आणि आतले कागद रद्दीवाल्याला दिले. पंचांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. उंदरांनी कुरतडलेल्या वह्या, कुणालाच न वाचता येणारी मोडी, मिशनच्या काळातली इंग्रजी पत्रं, वर्गणीची जुनी पुस्तकं. कुणाला काय कामाचे, असं त्यांना वाटलं. मला कळलं तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. मी रद्दीच्या दुकानात गेले. गठ्ठे पुढे पाठवून झाले होते. पेट्या मात्र दुकानाबाहेर होत्या, रिकाम्या, झाकणावर पांढऱ्या रंगात मंडळीचं नाव लिहिलेल्या. शंभर-सव्वाशे वर्षांची माणसं किलोच्या भावाने गेली.

तेव्हापासून मी जिथे बोलायला मिळेल तिथे एकच गोष्ट सांगते आहे. आपल्या लहान गावांतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या जुन्या वह्या हा मराठी समाजाच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे. त्यांची प्रत काढून ठेवणं आणि जो भाग शंभर वर्षांपलीकडे गेला तो वाचायला खुला करणं, हे मंडळीचं कर्तव्य आहे. मंडळ्या हे करत नाहीत त्याचं कारण आळस आहे, पण तेवढंच नाही. त्यामागे भीती आहे, आणि ती भीती कायद्याने निर्माण केली आहे. ती दूर करणं मंडळीच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे.

मी नगर जिल्ह्याबद्दल बोलते, कारण तो माझा आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण जुन्या वह्यांत अहमदनगर आहे आणि आमच्या बोलण्यात नुसतं नगर. अमेरिकन बोर्ड या तिकडच्या प्रॉटेस्टंट मिशन संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवायच्या गोष्टी चालल्या होत्या. पुढे १८३१ च्या डिसेंबरात त्यांच्यातले तिघे नगरला आले. त्यांतले विल्यम हर्वी वर्षाच्या आतच पटकीने वारले. त्यांच्यासोबतचे बाबाजी रघुनाथ, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले, १८३३ मध्ये पटकीनेच गेले. त्याच १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं ते नगरलाच; ते आजही निघतं. १८३९ पासून सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळा नगरला होत्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि पुण्याला परत जाऊन १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण फॅरार बाईंकडे झालं. फॅरार बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

एवढं थोडंफार सगळ्यांना माहीत असतं. यापुढचं फारसं कुणाला माहीत नसतं, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच सुरू होतो.

१८५४ च्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले आणि नगरलाही आले. त्यांचा आग्रह असा की मंडळीचा पाळक मंडळीतलाच असावा, त्याचा पगार मंडळीने द्यावा आणि शिक्षण लोकांच्या भाषेत व्हावं. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या दोन मंडळ्यांवर पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८५४ साली मराठी माणूस पाळक! मिशन खेड्यांकडे वळलं. सॅम्युअल फेअरबँक वडाळ्याला जाऊन राहिले. नेवासे, राहुरी, शिरूर या भागांत गावोगावी लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. अँडरसन यांच्या त्याच धोरणापायी नगरची इंग्रजी शाळा मात्र बंद झाली. मराठीला मान मिळाला याचा मला अभिमान आहे. पण महारवाड्यातल्या ज्या मुलाला इंग्रजी हीच गावाबाहेर नेणारी वाट होती, त्याची वाट यामुळे लांबली, हेही मला तितकंच खरं वाटतं. एकाच निर्णयात मोठं काम झालं आणि मोठी चूकही झाली. मंडळीचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही लिहायला हवं.

खेड्यातली मंडळी म्हणजे काय होतं, ते माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. मातीची एक खोली, आठवड्यातले पाच-सहा दिवस शाळा आणि रविवारी देऊळ. मास्तर तोच उपदेशक. फळ्यावर शनिवारची उजळणी पुसून रविवारी गीतांचे क्रमांक लिहायचे. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला लोखंडी तुकडा. पाळक महिन्यातून एखाद्या वेळी घोड्यावरून किंवा बैलगाडीने येई, त्या दिवशी प्रभुभोजन. वर्गणी पैशात देणं जमत नसे, म्हणून स्वयंपाकाला बसताना पिठातलं किंवा बाजरीतलं मूठभर एका मडक्यात टाकायचं. महिन्याअखेरीस मडकी देवळात यायची, धान्य मोजलं जायचं, वहीत लिहिलं जायचं. आमच्याकडे अशी एक वही आहे. तिच्यात ‘बाजरी अदमासे २ पायली’, ‘ज्वारी १ पायली’ असं पानोपानी लिहिलेलं आहे. एका वर्षी मध्येच चार महिने रकाने कोरे आहेत, आणि त्या चार महिन्यांबद्दल वहीत एकही शब्द नाही. ज्यांच्या घरात दाणा नव्हता, त्यांनी पाळकाच्या पगाराचं मडकं कुठून भरायचं? मंडळी स्वावलंबी झाली की नाही, यावर मिशनच्या अहवालांत पानंच्या पानं आहेत. त्या चार कोऱ्या रकान्यांनी मला त्या अहवालांपेक्षा जास्त सांगितलं.

ते अहवाल कुठे आहेत, हेही सांगायला हवं. अमेरिकन बोर्डाचे कागद, मिशनऱ्यांची पत्रं, वार्षिक अहवाल, सगळं अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. चांगलं ठेवलेलं आहे, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण नेवाशाच्या मंडळीबद्दल शोध घेणाऱ्याला मॅसॅच्युसेट्समध्ये मिळेल आणि नेवाशात मिळणार नाही, ही स्थिती मला बोचते. आणि ती पत्रं कुणासाठी लिहिली होती, हे विसरून चालत नाही. ती तिकडच्या देणगीदारांना वाचायला लिहिलेली होती. त्यांत बाप्तिस्म्यांची संख्या आहे, अडचणी आहेत, आशा आहे. पेठेतला सावकार बाप्तिस्म्यानंतर उधार देईनासा झाला तेव्हा घर कसं चाललं, लग्नाच्या मुलीला स्थळ कुठून आलं, आजोबा मेले तेव्हा माती कुठे दिली, हे त्यांत क्वचित सापडतं. तिकडच्या वाचकाला त्याची गरजच नव्हती. मंडळीच्या स्वतःच्या वहीत ते निदान खुणेने तरी असतं.

दुसरी गोष्ट आमच्याच लोकांना बोलायला अवघड जाते. मराठी वाचकाला ख्रिस्ती समाज माहीत आहे तो कुणामुळे? पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र मराठीत कुठल्याही काळी वाचलं जाईल इतकं मोठं आहे, आणि नगर-राहुरीच्या त्या काळाचं दर्शन त्यात घडतं. टिळकांची गीतं तर आमच्या श्वासात आहेत. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं आणि टिळकांचं गीत लागलं नाही असा रविवार मला आठवत नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, कारण त्यांना परक्या साच्यातली मंडळी नको होती. हे सगळं आमचं धन आहे. पण या तिन्ही मोठ्या व्यक्ती ब्राह्मण घरांतून आलेल्या. खेड्यातल्या देवळाच्या बाकांवर, खरं म्हणजे तरटांवर, जे बसत होते त्यांतले बहुतेक सगळे महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेले होते. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. शेतमजुरी करून रात्रशाळेत अक्षरं गिरवणाऱ्या माणसाने आपला बाप्तिस्मा कसा झाला, हे लिहून ठेवलेलं नाही. त्याच्या आयुष्याचा लेखी पुरावा म्हणून उरली आहे ती त्या नोंदवहीतली एक ओळ. ती रद्दीत गेली की तो माणूस गेलाच.

आणि त्या ओळींत आमच्या उणिवाही आहेत. बाप्तिस्म्याने जात गेली, असं प्रवचनात सांगितलं जाई. वहीत ‘पूर्वीची जात’ हा रकाना छापलेला होता. महारांतले ख्रिस्ती आणि मांगांतले ख्रिस्ती यांच्यात सोयरिकी किती झाल्या, हे लग्नाच्या वहीची पानं उलटली की कळतं. आमच्या गावाचं सांगते: फार थोड्या. प्रभुभोजनाच्या एकाच पेल्याला सगळ्यांनी ओठ लावला, ही आमच्या मंडळीच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे, आणि तो पेला पुढे सरकताना पहिल्या काही वर्षांत कुणीकुणी उठून गेलं, तीही घटनाच आहे. एक अभिमानाने सांगायची आणि दुसरी झाकायची, हे बरोबर नाही. ज्या लोकांनी गावकीची बंधनं, येसकराची काठी, मेलेली ढोरं ओढण्याचं काम अंगावर असताना नवा जन्म घ्यायचं ठरवलं, त्यांना जात एका दिवसात पुसता आली नाही, यात त्यांना कमीपणा नाही. त्यांचं झगडणं किती अवघड होतं, ते यातूनच दिसतं.

दुष्काळाचंही तसंच. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळांत मंडळ्या वाढल्या. पोरकी झालेली मुलं मिशनच्या अनाथालयांत आली, मोठी झाली, शिकली. ‘तांदळासाठी ख्रिस्ती’ असा टोमणा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या जिल्ह्यात तांदूळ कुठला, खायची ती ज्वारी-बाजरी. पण टोमणे मारणारे तेवढा विचार करत नाहीत. मी या टोमण्याला सरळ उत्तर देते. होय, भूक लागली म्हणून लोक आले. ज्याने दार उघडलं त्याच्याकडे आले. गावाची बाकीची दारं तेव्हा उघडली असती, तर बरेचजण कदाचित आले नसते. ‘दुष्काळात आली’ असा शेरा ज्या मुलीच्या नावापुढे आहे, तिच्या वंशात आज नर्सेस आहेत, शिक्षक आहेत, एक जण शेती खात्यात आहे. पोटासाठी आली आणि राहिली विश्वासाने. ‘परत गेला’ हा शेरा मिळवायची वाट तिलाही मोकळी होती. तिने ती धरली नाही, हे वहीच सांगते.

एक विषय थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यावर वेगळा लेख लागेल. १८७० च्या दशकात नगर जिल्ह्यात इंग्लंडच्या चर्चचं एस. पी. जी. मिशन आलं, पाठोपाठ रोमन कॅथलिक पाद्री आले. त्यामुळे कितीतरी गावांत एकाच वाड्यात दोन-तीन चर्चची माणसं, सख्खे भाऊ वेगवेगळ्या घंटांना उठणारे. पुढे १९२४ मध्ये अमेरिकन मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. म्हणजे ज्या अमेरिकन आणि अँग्लिकन मंडळ्यांनी शंभर वर्षं एकमेकींचे सभासद पळवल्याच्या तक्रारी केल्या, त्या एका छताखाली आल्या. प्रत्येक एकीकरणात कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले, काही वाटेत राहिले. ज्या मंडळीची वही आज मंडळीत आहे, ती नशीबवान.

आता भीतीकडे येते.

मी पंचांच्या बैठकीत पहिल्यांदा विषय काढला, तेव्हा एक वयस्कर पंच शांतपणे म्हणाले, “बाई, वही उघडाल, पण त्या वहीत कुणाकुणाच्या घरचं जेवण अडकलंय, ते ठाऊक आहे का?” मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. १९५० साली १० ऑगस्टला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असं म्हटलं की हिंदू धर्माशिवाय दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म जोडला गेला, १९९० मध्ये बौद्ध धर्म. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरलं जातं. पण अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, राखीव मतदारसंघ नाही, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला.

याचा परिणाम गावात काय झाला? लोकांनी दोन नावं ठेवली. देवळात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू महार’ आणि रविवारी उपासनेत पहिल्या रांगेत. मी स्वतः शिक्षिका होते. दाखल्यावर धर्म लिहिताना पालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर मी विसरलेले नाही. त्यांना मी खोटारडे म्हणणार नाही. त्यांच्या मुलाला गावाने ख्रिस्ती म्हणून वागवलं नव्हतं. पाणवठ्यावर, मारुतीच्या पारावर तो महाराचाच पोर होता. कायदा मात्र म्हणत होता की तू ख्रिस्ती झालास, आता तुझी जात संपली. माणूस जिथे जातीमुळे मार खातो तिथे जात आहे, आणि जिथे जातीमुळे थोडा आधार मिळेल तिथे ती नाही, हा न्याय कुठला?

आणि वही पुरावा होते, ही भीती मनाची नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. ती ख्रिस्ती धर्म पाळते असं न्यायालयाने धरलं, आणि त्या निष्कर्षामागे तिच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची नोंदही होती. त्या निकालावर मतं वेगळी असू शकतात. पण आमच्या पंचांनी तो पेपरात वाचला आणि कपाटाची किल्ली आणखी घट्ट धरली. त्यातच अनेक राज्यांत धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे झालेले आहेत, गावात कुणी प्रार्थनेला बसलं तरी चौकशी होते, अशा बातम्या येतात. अशा हवेत पणजोबाच्या बाप्तिस्म्याची तारीख बाहेर काढा, असं कुणाला सांगायचं?

म्हणून मी म्हणते की हा प्रश्न नुसता इतिहास जपण्याचा नाही. ज्या समाजाला स्वतःचा इतिहास सांगितला की पोराची शिष्यवृत्ती जाते, तो समाज इतिहास लिहिणार नाही. तो वही लपवेल, मग विसरेल, आणि शेवटी रंगकामाच्या दिवशी रद्दीत देईल. त्या रद्दीत गेलेल्या दोन पेट्यांचा दोष मी पंचांवर ठेवत नाही. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद त्या पेट्यांना बांधलेला होता. तो परिच्छेद गेला पाहिजे, धर्माची अट निघाली पाहिजे, ही मागणी आमच्या समाजाची जुनी आहे. तिच्यात मी एवढंच जोडते की ही अट आमच्या सवलतीही खाते आणि आमचा भूतकाळही खाते.

यावर दोन आक्षेप मला प्रामाणिक वाटतात. पहिला असा की वहीतली माहिती खाजगी आहे. ‘प्रभुभोजनापासून दूर ठेवले’ असा शेरा एखाद्याच्या आजोबांच्या नावापुढे असेल, अनौरस मुलाची नोंद असेल, तर ती चारचौघांत का यावी? हे मला पटतं. म्हणून मी शंभर वर्षांची रेघ मागते. त्याअलीकडची प्रत काढून बंद ठेवावी, त्या घरातल्या माणसाने मागितली तरच त्याला त्याची ओळ दाखवावी. आणि सरकारी कचेरीने मागितली तर कायद्याने बंधनकारक असेल तेवढंच द्यावं, सबंध वही नाही. लग्नाच्या नोंदी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे निबंधकाकडे जातातच; बाप्तिस्म्याची वही मंडळीची स्वतःची आहे आणि तिचा ताबा मंडळीकडेच राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप जमिनीचा. मिशनच्या काळातल्या जागा, शाळा, कंपाउंडं यांवरून ठिकठिकाणी कोर्टकचेऱ्या चालू आहेत. जुना कागद बाहेर आला की कुणीतरी त्यावरून दावा लावेल, असं काहींना वाटतं. इथे मी ऐकून घेत नाही. जागा मंडळीच्या आहेत तर कागद मंडळीला दिसलेच पाहिजेत. मूठमूठ बाजरीतून ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्या कुणाच्या नावावर आहेत, हे त्या बाजरी देणाऱ्यांच्या नातवंडांना कळू नये, याला मी सावधपणा म्हणत नाही. अंधारात व्यवहार होतात तेव्हाच जागा जातात. हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावाच्या बाकीच्या लोकांनाही मला काही सांगायचं आहे. नेवासे म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. तो पैसाचा खांब आमचाही आहे. आमच्या लोकांनी कीर्तन घेतलं ते याच मातीतून. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली, तेव्हा त्यांना हार्मोनियमपेक्षा टाळ-मृदंग जवळचा वाटला. गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघते, ग्रामपंचायतीच्या शताब्दीला स्मरणिका निघते, त्यात देवळं असतात, तालीम असते, सहकारी सोसायटी असते. ज्या खोलीत गावातल्या महाराच्या मुलीने पहिल्यांदा पाटी धरली, त्या मिशन शाळेला एक ओळ मिळते, तीही ‘इंग्रज काळात एक शाळा होती’ अशी. ती शाळा इंग्रजांची नव्हती. मास्तर गावचा होता, पोरं गावची होती, पगाराचा एक भाग बाजरीच्या मडक्यातून येत होता. जिल्ह्यात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उभं केलं, ते अशाच शाळांनी शंभर वर्षं तयार केलेल्या जमिनीवर. हा तुमचाही इतिहास आहे. तो तुम्ही मागायला हवा.

आम्ही काय केलं ते सांगते. चार बैठकांनंतर पंचांनी परवानगी दिली. रविवारची उपासना संपली की देवळातलं एक टेबल खिडकीशी ओढायचं, त्यावर पांढरी चादर, चादरीवर वही, आणि मंडळीतल्या दोन कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर एकेक पान टिपायचं. फ्लॅश नाही, बोटं कोरडी, पान उलटताना खालून पोस्टकार्ड सरकवायचं. मोडीची पानं वाचायला नगरहून एक निवृत्त गृहस्थ येतात. ते ख्रिस्ती नाहीत. पहिल्या दिवशी दाराशीच थांबून त्यांनी विचारलं, “चप्पल काढायची ना?” आतापर्यंत दोन वह्या झाल्या आहेत, तिसरी बाजरीची चालू आहे. प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. उघडायची रेघ पंचांनी शंभर वर्षांवर मान्य केली. ती पुढच्या वार्षिक सभेत ठरावाने पक्की होईल.

गेल्या महिन्यात वाड्यातल्या एक मावशी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं. “सलाम, बाई. माझ्या आजीचं नाव बघा की त्यात.” गाव आणि साल साधारण सांगितलं. ओळ सापडली. नवऱ्याचं नाव, वय, गाव, जात, सगळं होतं. तिच्या नावाच्या जागी ‘सदरहूची बायको’ असं लिहिलं होतं. मी ते तसंच वाचून दाखवलं. मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सारजा नाव होतं तिचं.” वहीत काही लिहायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून आम्ही शंभर पानी एक नवी वही आणली, त्या ओळीचा क्रमांक घातला, आणि त्यापुढे मुलाने पेनाने लिहिलं: सारजाबाई, नातीने सांगितल्यावरून.